काळीतलं तळघर

आमच्या महारुद्रानं ताडकळसात घराखाली तळघर काढलं तवा लोक बघायला यायचे. बाजाराच्या दिवशी तर बाया भाजीच्या पिशव्या घेऊन सरळ पायऱ्या उतरायच्या. मी त्याचा सख्खा चुलता, मीबी गेलतो. तवर ते नुसतं सिमेटचं खोकं व्हतं. त्यात कडबा भरला असता, मोडक्या खाटा टाकल्या असत्या, तर मी काई बोललो नसतो. पण महारुद्र पुण्याला साडूकडं राहून आला, अन् त्याच्या डोक्यात फरशी शिरली.

"काका, खाली फरशी, भिंतीला पुट्टी, वर पीओपी. घराची किंमत कुठल्या कुठं जाती बघा. गुंतवणूक म्हणत्यात याला."

"अन् घेणार कोण हाय? इथं घर इकत घेणारा आधी बोअरला पाणी किती इचारतो. पीओपी कोण इचारतंय?"

"तुमाला न्हाई कळायचं. आजोबाच्या पेवात ज्वारी कोरडी राह्यची ना? तेबी जमिनीखालीच व्हतं."

आता घ्या! पेव म्हंजी धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. पण आजोबाचं पेव व्हतं जुन्या गावात, पांढऱ्या मातीत. ती माती पाणी धरीत न्हाई, म्हणून तर वाडवडलांनी घरं तिथं बांधली अन् काळीत पिकं घेतली. ह्या शहाण्याचा प्लॉट रोडच्या कडंला. परवापरवापत्तर तिथं कापूस उभा व्हता. काळीच काळी! उन्हाळ्यात तिच्या भेगात अख्खा हात जातो, अन् पाणी पिली की फुगून भिंती ढकलती.

मी म्हणलं, "आरं, काळीत कुणी पेव खणल्यालं बघितलंस का?"

"आता रसायन निघालंय, काका. लावलं की पाणी येतच न्हाई."

"पाण्याला सांगितलंस का तसं?"

हसला न्हाई. वैशाखात फरशी बसली. छताला गुलाबी लाइटी लावल्या. पोरीचं लग्न लावल्यागत मिरवायलाय सगळ्यांपुढं.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण त्याची बायको रेणुका शिवणकाम करती. रोडकडच्या खोलीत तिच्या मशिनी. चुडाव्याच्या बाया बस धरून तिच्याकडं येत्यात, असा तिचा हात. महारुद्र म्हणला, "तू खाली जा, गार हाय. वरची खोली मोबाइलवाल्याला भाड्यानं देतो."

रेणुका म्हणली, "माझ्याकडं लोकाचं कापड असतंय. एक डाग पडला तर बाई पुन्हा पायरी चढत न्हाई. बसलेला धंदा जाईल माझा."

"डाग कशानं पडंल? पुण्यात लोक राहत्यात बेसमेंटात."

"जाते. पण एक कापड जरी भिजलं, तर तुमच्या हॉलमदी मशिनी मांडीन. काका, ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं," मी म्हणलं.

"मांड की!" महारुद्र म्हणला. "सोफा बी बाहीर फेक."

श्रावणात झड लागली. एका सकाळी रेणुकानं मला बोलावणं धाडलं. खाली उतरलो तर पुट्टीला फोड आल्याले, देवी आल्यागत. मधली फरशी फुगून मशीन एका पायावर डुगडुगायली. अन् खुंटीवरचा जरीचा ब्लाउज, सरजाबाईच्या लेकीच्या साखरपुड्याचा, भिंतीला चिकटून पांढराफट्ट. गुलाबी लाइटी मात्र झकास लागल्या व्हत्या.

रेणुका रडली न्हाई. तसाच ब्लाउज घेऊन सरजाबाईच्या दारात गेली. मीबी संगं गेलो.

सरजाबाईनं कापड उलटंपालटं केलं. "तुजा हात चांगला हाय म्हणून दुसरं कापड देते," ती म्हणली. "पण त्या बिळात शिवायचं न्हाई. तिथं शिवणार असशील तर आताच सांग, मी परभणीला टाकते."

"हॉलमदी शिवीन," रेणुका म्हणली.

घरी आलो तर महारुद्र पंप हुडकायलाय. "आठ दिस दम धर, रेणुका. मोबाइलवाल्याला आता कसं उठवू? पाणी काढतो मी."

ती ऐकायला थांबलीच न्हाई. मशीनच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. माझं वय काय ह्या कामाचं? पण उचललं.

"अगं, पाहुणे आले तर कुठं बसवू?"

"खाली बसव," मी म्हणलं. "पीओपी दाखव त्यायला."

तवा कुठं त्यानं आपल्या हातानं सोफा धरला अन् ओसरीला नेऊन टाकला. टीव्हीच्या जागी आता ब्लाउज टांगल्याले असत्यात. साखरपुडा झाला, सरजाबाईच्या लेकीला नवा ब्लाउज असा बसला की तिच्या व्हणाऱ्या जावा बी आता मापं द्यायला येत्यात. हॉलमदी बाया मावंनात. महारुद्र त्यायला चहा नेऊन देतो. चहा चांगला करतो, खोटं कशाला बोलू.

परवा दोघं ओसरीला त्याच सोफ्यावर बसलतो. खाली पंप घुरघुरायला.

"उन्हाळ्यात वाळंल ते, काका."

"वाळंल की," मी म्हणलं. "मग भेगा पडत्याल. त्याबी दाखव लोकाला."