लिगायाने हाक का मारली नाही?

लिगाया साडेचार वर्षांची होती आणि गल्लीत सगळे तिचं कौतुक करत. "एफ्रेनची पोर किती गुणी! हूं की चूं नाही."

तिची आई रोवेना दोहाच्या इस्पितळात नर्स होती. बाप एफ्रेन फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात दोन खोल्यांच्या घरात बसून परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचा. मागे पोरांचा आवाज आला तर काम बंद, अशी कंपनीची ताकीद होती. आणि घरात लिगायाच्या पाठचे दीड वर्षाचे जुळे, तिनो आणि तोमे! शेजारच्या तिया बेबांग, म्हणजे बेबांग मावशी, उभा जन्म सुईणपण केलेल्या. त्या रोज म्हणायच्या, "अरे, सकाळी पोरांना माझ्याकडे सोड." एफ्रेन हसून टाळायचा. बायको परदेशात कमावते आणि याला पोरंही सांभाळता येत नाहीत, असं लोक म्हणतील ही धास्ती. म्हणून त्याने लिगायाला बजावलं होतं, पापा फोनवर असला की तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्या मंगळवारी फोनवर एक बाई तावातावाने भांडत होती. लिगाया दारात आली. ओठांवर बोट ठेवून ती न्हाणीकडे दाखवू लागली. एफ्रेनने डोळे वटारले. ती गेली आणि लगेच परत येऊन त्याची बाही ओढू लागली. त्याने तिचा हात झटकला. हात थंडगार, ओला! झगा छातीपर्यंत भिजलेला. पोर थरथरत होती, रडत होती, पण आवाज नव्हता.

एफ्रेन हेडफोन फेकून धावला. कपडे भिजवलेल्या बादलीत तिनो डोकं खाली, पाय वर असा पडला होता. पाय हलत नव्हते.

"तिया! तिया बेबांग!"

तियांनी येताच पोराला फरशीवर निजवलं. तोंडाने श्वास भरू लागल्या, छाती दाबू लागल्या. एफ्रेनला देवाचं नावही आठवेना. किती वेळ गेला कोण जाणे! मग तिनोने पाणी ओकलं आणि टाहो फोडला.

दवाखान्यात धोका टळल्याचं कळल्यावर एफ्रेनने लिगायाला जवळ घेतलं. "बाळा, हाक का नाही मारलीस गं?"

"तू फोनवर होतास ना, पापा."

तियांना राहवेना. "ऐकलंस?"

"तिया, काम गेलं असतं तर?"

"आणि पोरगा गेला असता तर? मी काय शेजारी दगड आहे? म्हणे लोक हसतील! तीन पोरं आणि एक नोकरी दोन हातांना पेलत नाही रे, बाईलाही नाही. बायकांना पेलतं असं वाटतं, कारण त्या बोलत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी एफ्रेनने वरिष्ठ बाईंना फोन केला. "मॅडम, घरात तीन लहान मुलं आहेत. आजवर लपवलं."

"मलाही दोन आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "नियम माझ्या हातात नाही. चार तासांची पाळी देते, पण पगार निम्मा होईल."

"चालेल."

ते चार तास पोरं तियांच्या अंगणात राहू लागली. लिगायाला मात्र ओरडायला शिकवावं लागलं. पहिले तीन दिवस नुसते ओठ हलले. चौथ्या दिवशी ती ओरडली, "पापाऽऽ!" आणि एफ्रेन ओक्साबोक्शी रडला.

वाचकहो, घरी बसून केलेली नोकरी हे पूर्ण काम आहे, आणि लहान मुलं सांभाळणं हेही पूर्ण काम आहे. दोन्ही एकाच माणसावर लोटून आपण निर्धास्त राहू नये. आणि ज्याच्यावर ते येऊन पडलं आहे, त्याने लाज सोडून वेळेवर शेजारचं दार ठोठावावं!