मुक्तीचा प्रचारक

विद्यापीठातल्या आमच्या विभागाचे सगळे संगणक लिनक्सवर आले ते माझ्यामुळे, हे मी पाहुण्यांना चहा यायच्या आतच सांगून टाकतो. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी अशी ही संगणक चालवणारी प्रणाली. तिच्यासाठी मी सभांमधून इतका घसा ताणला की शेवटी कुलगुरूंनी होकार दिला. माझं म्हणणं पटलं म्हणून, की मी गप्प बसावं म्हणून, ते मी विचारलं नाही.

त्यामुळे मेहुण्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. तो पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघतो.

"भाऊजी, आमच्या संगणक विभागाच्या मॅडमना तुम्हाला भेटायचंय. लिनक्सबद्दल."

"आली ना शुद्धीवर तुमची कंपनी!"

"तुम्ही या तर खरं," तो म्हणाला.

निघताना बायकोनं बजावलं, "तिथे भाषण ठोकू नका. माझ्या भावाची नोकरी आहे."

मी ठोकलंच. समोर मॅडम आणि मेहुणा असे दोघंच होते, पण मी भरलेल्या सभागृहात बोलावं तसा बोललो. खासगी कंपन्या विकतच्या प्रणालींच्या कशा गुलाम झाल्या आहेत आणि विद्यापीठं त्यांना कशी वाट दाखवताहेत, सगळं हातवारे करून. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मेहुणा टेबलाचा सुटलेला सनमायका नखानं सोलत होता.

"चला, काहीतरी दाखवते," मॅडम म्हणाल्या.

काचेच्या दारापलीकडे गार खोलीत सर्व्हर घरघरत होते. "हे सगळे लिनक्सवरच आहेत, मी इथे लागले त्याच्याही आधीपासून. वर ऑफिसात विकतची प्रणाली आहे, कारण पंपांची ड्रॉइंग्ज ज्यात काढतो ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. आम्ही जिथे जे चालतं ते वापरतो."

"मग मला कशाला बोलावलंत?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"तुमचे विद्यार्थी मुलाखतीला आले होते. प्रत्येकासमोर बंद पडलेला सर्व्हर ठेवला आणि म्हटलं, चालू करा. सगळ्यांनी सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर फार छान भाषण केलं. चालू कुणीच केला नाही. ते भाषण कुणाचं, ते आज कळलं. हातवारेसुद्धा तेच."

मेहुण्याला एकदम खोकला आला.

"तो सर्व्हर इथेच आहे. बघता?"

मी बाह्या सरसावून बसलो. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकत गेल्या आणि त्या गार खोलीत मला घाम फुटला. शेवटी मी कबूल केलं, "आमच्याकडे काही बिघडलं की आम्ही सगळं पुसून नव्यानं टाकतो."

"इथे पुसलं तर गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही पुसल्या जातील," मॅडम म्हणाल्या, तेही न हसता.

घरी जावं आणि मेहुण्याशी बोलणं टाकावं, असं मनात आलं. पण माझ्या पोरांच्या नोकऱ्या माझ्या वक्तृत्वानं घालवल्या होत्या. मी विचारलं, "सुट्टीत शिकायला येऊ का?"

"या. पण वेळेवर यावं लागेल."

पहिल्याच आठवड्यात मी भलताच सर्व्हर बंद केला आणि माल पाठवणारा विभाग ठप्प झाला. तिथली मंडळी निवांत चहा प्यायली. त्यानंतर जिन्यात भेटलं की ती मला प्रेमानं विचारत, "पुन्हा कधी?" घरी पाऊल टाकताच बायको म्हणे, "आज काय बंद पाडलंत?" पण सुट्टी संपेपर्यंत मेलेला सर्व्हर उठवणं मला जमायला लागलं.

मग मी अभ्यासक्रमात नवीन प्रात्यक्षिक घातलं: बिघडलेला संगणक काहीही न पुसता दुरुस्त करायचा. पहिल्या परीक्षेसाठी तो मी स्वतः, मन लावून बिघडवला. विद्यार्थ्यांना जमेना. मग मी बसलो. मलाही जमेना. मी मॅडमना फोन लावला.

"घेऊन या," त्या म्हणाल्या. "वर्गालाही आणा."

आम्ही सगळे त्या गार खोलीत जमिनीवर दाटीवाटीनं बसलो. मॅडम विचारत होत्या, पोरं चुकत होती, पुन्हा करून बघत होती, आणि मी वही उघडून त्यांच्यातच बसलो होतो. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं शेवटी नेमकी चूक पकडली. संगणक सुरू झाला आणि पोरांनी खोली डोक्यावर घेतली.

"एवढं झालं तरी काय होतं त्याला?" दारातून मेहुण्यानं विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भाऊजींनी फार मेहनत घेतली होती."