पाणी कुठे मुरतं

श्रीनिवास ओगले सरांनी सदाशिव पेठेतल्या शाळेत उभी हयात मराठी शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर ते बिबवेवाडीच्या चढावरच्या सोसायटीत राहायला गेले, पण मन काही चढ चढलं नाही. ते पेठेतच राहिलं. रोज सकाळी स्कूटर काढून ते जुन्या दुकानात चहाला जात. चहा बिबवेवाडीतही मिळतो, हे हेमाताईंनी नवऱ्याला बरेचदा सांगून पाहिलं होतं. मिळतो, पण तिथे ऐकायला कुणी नसतं, हे सर कशाला कबूल करतील?

ऐकायला पेठेत दातार होते, त्याच शाळेतले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आणि ऐकवायला सरांकडे अवनी होती, त्यांची एकुलती एक लेक. अवनी म्हणजे पृथ्वी. नाव सरांनीच ठेवलेलं, आणि पोरीने ते इतकं मनावर घेतलं की बारावीनंतर इंजिनिअरिंग सोडून पर्यावरणीय भूविज्ञान घेतलं. हे नेमकं काय, ते नातेवाइकांना सांगता सांगता सरांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी एक वाक्य तयार केलं, "डॉक्टर माणसाची प्रकृती बघतो, ती जमिनीची बघते." पुढे कुणी विचारलं नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि त्यातलं तिसरं वर्ष परदेशात. अवनीला स्कॉटलंड मिळालं त्या दिवशी सरांनी दातारांच्या चहाचे पैसे दिले. ही गोष्ट पेठेत बराच काळ चर्चेत होती.

ते वर्ष सरांनी मिरवण्यात काढलं. अवनी फोनवर काय काय सांगायची ते तिखटमीठ लावून पेठेत पोहोचायचं. तिथला पाऊस, गुडघ्यापर्यंतचे बूट, डोंगरातल्या पाण्यात रंग सोडून ते कुठे निघतं याचा माग काढायची पद्धत. एकदा तिने विचारलं, "बाबा, इन्फिल्ट्रेशनला मराठीत काय म्हणायचं? पाणी जमिनीत शिरतं ते."

"मुरणं. पाणी मुरतं," सर म्हणाले. "लोणचं मुरतं, गवई मुरतो, तसंच पाणी मुरतं. एवढंही येत नसेल तर ये परत, पहिलीपासून शिकवतो."

अवनी हसली. सरांनाही आपला विनोद आवडला.

वर्ष सरत आलं तसा सरांच्या बोलण्याला आणखी एक मजला चढला. तिथले प्राध्यापक अवनीवर खूश आहेत, उरलेलं वर्ष तिथेच कर आणि पुढे संशोधनही कर म्हणताहेत, असं हेमाताईंकडून त्यांच्या कानावर आलं. तिचं उत्तर काय, हे विचारायची सरांना गरजच वाटली नाही. पेठेत त्यांनी सांगून टाकलं की लेक आता तिकडचीच.

आणि मग अवनी परत आली.

बॅगेत चॉकलेटं थोडी आणि दगडच जास्त. विमानतळावर सरांनी बॅग उचलली आणि पाठीत चमक भरली. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली की तिथे राहायला नकार दिला, शेवटचं वर्ष पुण्यातच करणार. सरांनी विचारलं, का? इथे काम आहे, एवढंच ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. सर दिवाणखान्यात दगडांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दातारांनी बातमी ऐकली, बशीतला चहा संपवला आणि मिशी पुसत म्हणाले, "हातातली संधी सोडून कुणी येतं का? ओगले, कुठेतरी पाणी मुरतंय."

वाक्प्रचार अचूक होता. सरांना चूक काढायला जागा नव्हती आणि त्यामुळेच तो जास्त लागला. दिसतं त्यामागे काहीतरी वेगळंच आहे, लपवलेलं आहे, असा संशय त्यांच्याही मनात होताच. नापास झाली असेल का? की कुणी अपमान केला? की संधी वगैरे नव्हतीच आणि हेमाने बापाला बरं वाटावं म्हणून सांगितलं? आपली मुलगी हरून आली, असं एकदा मनात आलं की ते जात नाही. सर तिच्याशी मोजकंच बोलू लागले. हेमाताई म्हणाल्या, "अहो, विचारा ना सरळ." पण उत्तर हवं तसं आलं नाही तर काय, या धास्तीने सर विचारत नव्हते.

अवनीचं काम मात्र सुरू झालं होतं, आणि तेही सगळ्या सोसायटीच्या डोळ्यांदेखत. इमारतीच्या मागे, टेकडीच्या अंगाला मोकळी जमीन होती. गवत, दोन कडुनिंब आणि मधोमध पावसाचं पाणी साचायचा एक खड्डा. अवनी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून तिथे बादल्या ओतायची आणि पाणी उतरताना बघत बसायची. उताराखाली, फाटकाजवळ सोसायटीची जुनी विहीर होती. तिचं पाणी प्यायला नव्हतं, झाडांना आणि गाड्या धुवायला होतं. उन्हाळ्यात ती कोरडी पडे आणि टँकर येत.

या मोकळ्या जमिनीवर काँक्रीट करून गाड्या लावायच्या, असं सोसायटीचं ठरत आलं होतं. सेक्रेटरी पुष्कर खासनीस यांनी बैठक बोलावली. हे गृहस्थ कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्याकडे एक नवी कोरी पांढरी गाडी होती, जिच्यावर कडुनिंबाचं पान पडलेलंही त्यांना खपत नसे. बैठकीत अवनी उभी राहिली. मागच्या जमिनीत मुरणारं पाणीच खडकाच्या भेगांतून खालच्या विहिरीत येतं असं मला वाटतं, ती म्हणाली. तिथे काँक्रीट केलंत तर विहीर पावसाळ्यानंतर लगेच आटेल. मला पंधरा दिवस द्या, सिद्ध करून दाखवते.

खासनीसांनी चष्मा पुसला. "परदेशात वर्षभर राहून खड्ड्यात पाणी ओतायलाच शिकलात का आपण? ते आमच्या इथे फुकट शिकवतात."

लोक हसले. आणि ओगले सर, ज्यांना स्वतःलाच पोरीचा भरवसा वाटेनासा झाला होता, ते खुर्ची सरकवून उभे राहिले. घरात आपण काय वाटेल ते म्हणू, पण चारचौघांत आपल्या लेकीला कुणी हसलेलं खपवून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"पंधरा दिवस द्या," ते म्हणाले. "खोटं ठरलं तर काँक्रीटची पहिली पाटी मी टाकीन."

मुदत मिळाली, पण खाली बसताना त्यांनी अवनीकडे बघायचं टाळलं.

अवनीने विद्यापीठातून हिरवा रंग आणला. कुणालाही अपाय न करणारा, चिमूटभर पुरतो आणि उन्हात चमकतो. तिने तो खड्ड्यातल्या पाण्यात मिसळला, विहिरीवर सूचना लावली आणि सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं. मग विहिरीतून ती रोज बाटलीभर पाणी काढून उन्हात धरायची. पाणी नितळच असायचं. सुरुवातीचे दिवस सोसायटीतले लोक कौतुकाने विचारायचे, मग चेष्टेने, मग विचारायचेच बंद झाले. सर रोज चहाला जाण्याआधी विहिरीत डोकावायचे आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करूनच डोकावायचे. पेठेत दातारांनी विषय काढला की ते महापालिकेच्या खड्ड्यांवर घसरायचे.

मुदत संपत आली. एका संध्याकाळी अवनी विहिरीच्या कठड्यावर बाटली धरून बसली होती. सर शेजारी जाऊन बसले. आता न विचारता राहवेना.

"अवनी, खरं सांग. तिकडे काय झालं?"

अवनी बाटलीकडेच बघत होती. "काही झालं नाही, बाबा. शेवटच्या व्याख्यानात मी तुमचा शब्द सांगितला. म्हटलं, आमच्या भाषेत पाणी, लोणचं आणि गवई एकाच क्रियापदाने मुरतात. सगळ्यांना खूप आवडलं. आमच्या बाईंनी विचारलं, छान, मग तुझ्या गावचं पाणी कुठे मुरतं?"

"मग?"

"मला येईना. तिथल्या डोंगरातली भेग न् भेग मी सांगू शकत होते. जिथे वाढले, तिथलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी राहा म्हटलं ते खरं आहे. पण ते उत्तर आल्याशिवाय मला राहवेना." तिने बाटली खाली ठेवली. "आणि तुम्हीच म्हणाला होतात, येत नसेल तर ये परत."

जन्मभर मुलांना उत्तरं देता आली नाहीत म्हणून सरांनी छड्या ओढल्या होत्या. एखादं उत्तर येत नाही म्हणून सातासमुद्रापलीकडून परत येणारा विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता. तो त्यांच्या घरातच निघाला. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे खोकून घेतलं आणि म्हणाले, "रंग दिसो न दिसो. काँक्रीटची पाटी मी टाकीन, पण तुझं काम चुकलं असं मी म्हणणार नाही."

"चुकलं तर चुकलंच, बाबा," अवनी म्हणाली. "मग नवं ठिकाण शोधायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली ती वाजतच राहिली. सरांनी दार उघडलं. बाहेर खासनीस उभे होते. हातात बादली, पँटच्या पायांवर हिरवे शिंतोडे, चेहरा लाल.

"ओगले सर, हे काय आहे? वॉचमनने रोजच्यासारखा विहिरीचा पंप लावला आणि माझी गाडी धुतली. पांढरी गाडी आहे माझी!"

सर बादलीत बघायला वाकले. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं आणि त्या उन्हात पाणी कोवळ्या पोपटी रंगात चमकत होतं. आतून अवनी धावत आली, अर्धी वेणी घातलेली, हातात कंगवा. तिने बादलीत पाहिलं आणि मटकन उंबरठ्यावरच बसली. हेमाताईंना आधी वाटलं पोरीला चक्कर आली. पण ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती.

"खासनीस," सर सावकाश म्हणाले, "पंधरा दिवस आपण पुरावा मागत होतात. तो आपण स्वतः उचलून आणलात. जड नाही ना झाला?"

खासनीसांनी बादलीकडे पाहिलं, मग अवनीकडे. हुशार माणूस होता, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही, फक्त मान्य करायला लागला. त्यांनी बादली हळूच खाली ठेवली आणि अवनीला विचारलं, "हा डाग जातो ना?" जातो म्हटल्यावर म्हणाले, "मग बैठकीत विषय घेतो. गाड्यांचं बघू काहीतरी." त्या महिन्याच्या बैठकीत काँक्रीटचा ठराव बारगळला. खड्ड्याभोवती दगडांचा कठडा करायचं ठरलं आणि स्कॉटलंडहून आलेल्या दगडांतला एक त्यात बसवायला अवनीने परवानगी दिली. बाकीचे तिला अभ्यासाला लागत होते.

सर पेठेत गेले. दातार नेहमीच्या जागी होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि विचारलं, "काय ओगले, पाणी कुठे मुरतंय, कळलं का शेवटी?"

"कळलं," सर म्हणाले. "आमच्या इमारतीच्या मागे, कडुनिंबाखाली. माझ्या लेकीने शोधून काढलं."

सरांनी दोन्ही चहाचे पैसे टेबलावर ठेवले, स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणाले, "उठा. मागे बसा. दाखवतो."