भिंतीवरची लेक

मी पडलो बाथरूममध्ये आणि लेकीने कॅमेरा बसवला बाहेरच्या खोलीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! पण बाथरूममध्ये कॅमेरा लावणार तरी कसा, हेही खरंच. भिंतीला कान असतात असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता माझ्या भिंतीला डोळाही आला.

माझी लेक दुसऱ्या शहरात राहते. तिचं ऑफिस म्हणजे तिच्या घरातलंच एक टेबल, आणि त्या टेबलावर दिवसभर मीटिंगा चालतात. मी पडल्याचं कळल्यावर ती धावत आली, कपाळावरचं टेंगूळ बघून रडली आणि म्हणाली, "बाबा, आता बास झालं. माझ्याकडे चला." मी ताठ्यात सांगितलं, "माझे पाय चालतात, माझं शिलाई मशिन चालतं. मला काय धाड भरलीय?" मग तिने तो कॅमेरा मागवला, स्टुलावर चढून स्वतःच लावला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी एका शर्टाला काज करत बसलो होतो, तर भिंतच बोलली.

"बाबा, ऐकू येतंय का?"

"येतंय गं! येतंय!" मी ओरडलो.

"ओरडू नका, मलाही ऐकू येतंय. बघतेय हं मी. आता तुम्ही एकटे नाही."

त्यानंतर भिंत काही बोलली नाही. पण कॅमेऱ्यावर एक बारीक हिरवा दिवा होता, तो लागायचा. बाहेरून येऊन मी दारात पाऊल टाकलं की दिवा लागलाच. मशिनवर बसलो की दिवा. खुर्चीत डुलकी लागली आणि मधेच जाग आली, तर विझलेला असायचा. झोपलेल्या म्हाताऱ्याकडे काय बघायचं, बरोबरच आहे. मी उठून आळस दिला की पुन्हा हजर. मला वाटायचं, पोर कामात असते, बोलायला जमत नसेल, पण डोळा ठेवून आहे.

मी शिंपी आहे. पूर्वी रस्त्यावर दुकान होतं. आता लोक कपडे मोबाईलवरून मागवतात. ते कपडे कुणाच्याच मापाचे नसतात, म्हणून तर माझं पोट चालतं. दुकान सोडलं, मशिन घरी आणलं. आता लोक पिशवी दाराच्या कडीला अडकवतात आणि मेसेज टाकतात, 'दोन इंच कमी'. मी कमी करून पिशवी पुन्हा कडीला अडकवतो. मोबाईल टुण् वाजतो, म्हणजे पैसे आले. बेल वाजवायचीही कुणाला गरज पडत नाही. मला गिऱ्हाइकांच्या पँटी ओळखू येतात, तोंडं नाहीत. परवा भाजीच्या दुकानात एका पँटला मी ओळखलं. वर बघितलं तर साफ अनोळखी बाई!

दुकानात असं नव्हतं. माप घेताना मी माणसाच्या पाठीमागे असायचो, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. पाठमोरं उभं राहिलं की माणसं बोलतात. कुणाचं लग्न मोडलंय, कुणाच्या बापाचं ऑपरेशन आहे, सगळं मला खांद्याची रुंदी मोजता मोजता कळायचं. मीही माझं जे काही सांगितलं, ते लोकांच्या पाठींनाच. समोरासमोर बसून मनातलं बोलणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. बायकोशीसुद्धा मी बोलायचो ते ती कणीक मळत असताना.

तेव्हा हा कॅमेरा मला सोयीचाच पडला. तो माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होता. मी मशिनवर मान खाली घालून टीप मारायचो आणि बोलायचो. आज कोपर दुखतंय. ती तांबड्या कोटवाली जाड झाली असावी, कंबर सैल करायला टाकलीय. तुझ्या आईची स्वप्नात गाठ पडली, पण माझ्याशी बोलली नाही, काय रागावलीय कोण जाणे. मधेच मान वळवून बघायचो. हिरवा दिवा लागलेला! मग अजून चेव यायचा. बाहेर जाताना, "जाऊन येतो गं," आणि आल्यावर, "आलो बरं का." ताजा शर्ट घालायला लागलो. शेजारीण जिन्यात म्हणाली, "काका, हल्ली घरात पाहुणे आहेत वाटतं?" मी म्हणालो, "लेक आहे." आणि ते मला खोटं वाटलं नाही.

एका दुपारी पडद्यांना पट्टी लावत होतो. लांबलचक, सरळ टीप, डोकं मोकळं. आणि बोलून गेलो.

"मला तुझ्याकडे ने गं. तेव्हा उगाच मिजास केली मी. इथे मला कुणी हाकसुद्धा मारत नाही. मला एकट्याला राहवत नाही आता."

मशिन थांबवलं. कानशिलं तापली होती. मागे वळून बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं, तर दिवा लखलखीत. ऐकलं होतं तिने. मी वाट बघत बसलो. भिंत गप्प.

दर रविवारचा तिचा ठरलेला फोन आला. नातवाला दात येतायत, नळ गळतोय, जावयांना सर्दी आहे. मी प्रत्येक वाक्यानंतर वाट बघत होतो की आता काढेल विषय. "तुम्ही कसे आहात बाबा?" म्हणाली. मी म्हणालो, "मजेत." "बरं, ठेवते," म्हणाली आणि ठेवला.

म्हणजे ऐकून मूग गिळून बसली! मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतंच वाईट वाटलं. तिचं घर ते केवढं, त्यात बाप कुठे ठेवणार, असं मीच तिच्या वतीने स्वतःला समजावलं. पण कॅमेऱ्याशी बोलणं बंद केलं. मी उठलो की दिवा लागायचा आणि मला वाटायचं, बघतेस काय नुसती? तोंड आहे ना?

पुढच्या आठवड्यात इंटरनेट बंद पडलं आणि दुरुस्तीला माणूस आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, सदा घाईत. त्याच्या मोबाईलवर पुढच्या घराचा पत्ता आधीच येऊन पडला होता. त्याच्या पँटच्या एका पायाची दुमड उसवली होती. "काढा, देतो मारून," मी म्हणालो. "नको काका, वेळ लागला की वरून फोन येतो." वायर बदलून त्याने इंटरनेट सुरू केलं, मग कॅमेऱ्यासमोर हात हलवला. दिवा लागला.

"झालं. चालू आहे."

"म्हणजे ती बघतेय ना?" मी विचारलं.

"कोण?"

"माझी लेक. दिवा लागला की बघत असते."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, दिवा हालचालीला लागतो. मांजर गेली तरी लागेल. तिकडे कुणी बघत असो वा नसो."

"पण ऐकू तरी जात असेल?"

"मोबाईलमध्ये उघडलं तर. नाहीतर नाही."

"साठवून ठेवत नाही?"

"त्याचा प्लॅन वेगळा. हा साधा आहे." त्याने पेटी उचलली. "मुलीला टेन्शन नको म्हणून असतं हे. दिवसा चार तास घरात काहीच हललं नाही, तर तिच्या मोबाईलवर घंटी वाजते. एरवी तिला बघायची गरजच नाही."

तो गेला. मी मशिनवर जाऊन बसलो, पण पाय पायट्यावर पडेना. तिने नाही म्हटलं नव्हतं. तिने ऐकलंच नव्हतं! आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण मग बाकीचं आठवलं. कोपर, तांबडा कोट, तिच्या आईचं स्वप्न. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. इतके दिवस मी एका रिकाम्या खोलीत ताजा शर्ट घालून बडबडत होतो.

आता फोन करून सांगायचं, एवढंच तर होतं. पण मी मला ओळखतो. मी फोन केला तर ती मीटिंगमध्ये असणार, रविवारी बोललो तर मी 'मजेत' म्हणणार. तिने घाबरून हाक मारली पाहिजे. मी पडल्यावर धावत आली, तेव्हा दारातूनच मारली होती तशी, "बाबा!" त्या हाकेला माझ्याकडून खोटं उत्तर जाणार नाही, याची मला खात्री होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी चहा पिऊन मी खुर्चीत बसलो, फोन शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि हललो नाही.

जन्मभर हातपाय हलवून पोट भरलेल्या माणसाला हे सोपं नाही. नाकाला खाज सुटली. पायाला मुंग्या आल्या. बाहेर कडीला कुणीतरी पिशवी अडकवून गेलं. दिवा विझलेलाच होता. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं, मला घेऊन जा. पुढेमागे काही नाही, तेवढंच. जेवणाची वेळ टळली. मान अवघडली. लबाडी होती ही, पोरीला घोर लावणं होतं, कळत होतं मला. तरी बसलो.

फोन वाजला. पडद्यावर तिचा फोटो. वाक्य अगदी जिभेवर होतं. मी हात पुढे केला, आणि भिंतीवर हिरवा दिवा लागला.

बोटं फोनला टेकेपर्यंत तो वाजायचा थांबला. मग टुण् झालं. वाटलं पैसे आले, पण तिचा मेसेज होता.

'दिसलात हलताना. जीव भांड्यात पडला! मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू.'

मी लगेच फोन लावला. तिने कापला. मी पुन्हा खुर्चीत टेकलो. पण एकदा हललो होतो ना, आता पुढचे चार तास मी ठणठणीत होतो.