पाव घेऊन ती हसली का

आमच्या घरात सिनेमा आवाज बंद करून बघतात. नियम माझाच आहे. माझी लेक अजून रांगतही नाही, पण सगळं घर तिच्या तालावर चालतं, म्हणून तिचं नाव बाईसाहेब पडलं आहे. बाईसाहेबांची झोप कागदापेक्षा पातळ. पेल्याला चमचा लागला की डोळे टक्क उघडतात आणि मग घर डोक्यावर. म्हणून नवऱ्यानं दाराच्या घंटेची तार काढून ठेवली. तो लिफ्ट दुरुस्त करतो, तारा काढायला त्याला निमित्तच हवं असतं. सासूबाई मिक्सर घेऊन शेजारणीकडे जातात आणि वाटण घेऊन परत येतात. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, शिंक आली तर ते जिन्यात जाऊन शिंकतात.

बाबांची खरी पंचाईत आहे. छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडाटात त्यांचा जन्म गेला. त्यांचा साधा आवाजही दोन मजले खाली ऐकू जातो, आणि कुजबुजणं त्यांना येतच नाही. त्यामुळे बाळ झोपलेलं असताना ते बोलतच नाहीत, नुसते हातवारे करतात.

"आपण सिनेमा बघतोय की मत्स्यालय?" सासूबाई एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या. पण नियम त्यांनी मोडला नाही.

त्या रविवारी संध्याकाळपर्यंत मला एक उत्तर द्यायचं होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. म्हणजे तपासत असे. सुट्टी संपली होती आणि मालकांनी सरळ सांगितलं होतं, येणार असाल तर कळवा, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती अंधारी खोली, समोर पेटलेली अक्षरं, भिंग बदलून "आता नीट दिसतंय की मघाशी?" असं विचारणं, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाचं ऐकलं नाही अशा चेहऱ्याच्या माणसांनी माझ्यासमोर शाळकरी पोरासारखं गोंधळणं, या सगळ्याची मला फार आठवण येत होती. पण बाईसाहेब फक्त माझ्या खांद्यावर झोपतात, तेही आतल्या खोलीत, पडदे ओढून, चिडीचूप शांततेत. मी गेले तर दुपारी त्यांना झोपवणार कोण?

"आम्ही आहोत ना," सासूबाई म्हणायच्या.

तुम्ही आहात हीच तर काळजी, असं मी मनात म्हणायचे. नाही म्हणून कळवायचं हे मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मालकांना बोलायची वाक्यंही तयार होती, नम्र आणि जरा दुःखी.

त्या दुपारी बाईसाहेबांनी झोपायचंच नाही असा पण केला होता. आतल्या खोलीत हरून मी त्यांना खांद्यावर टाकून बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारत होते आणि बाकीचे तिघं मुकाट्यानं, अक्षरशः मुकाट्यानं, सिनेमा बघत होते. सगळ्या गावानं बघितलेला सिनेमा होता तो. बाळाला लस टोचणारी नर्ससुद्धा सुई हातात धरून विचारत होती, "शेवट बघितला का?"

गोष्ट साधी होती. लहानपणी गर्दीत धाकट्या भावाचा हात सुटतो आणि बहीण त्याला आयुष्यभर शोधत फिरते. खूण एवढीच, की त्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा व्रण आहे. शेवटी एका परक्या गावात ती पाव घ्यायला एका बेकरीत शिरते. काउंटरमागचा माणूस पिशवीत पाव भरतो आणि त्याच्या अंगठ्यावर तो व्रण दिसतो. मागं पिठाच्या पोत्यावर त्याची छोटी मुलगी पाय हलवत बसली आहे. बाई काहीतरी बोलते, तो काहीतरी बोलतो. ती पिशवी घेते, बाहेर येते, रस्त्यावर थांबून जराशी हसते. संपला सिनेमा.

"म्हणजे?" सासूबाई कुजबुजल्या. "सांगितलंच नाही तिनं?"

"तिला कळलंच नाही," नवरा म्हणाला. "व्रण आपल्याला दाखवला. तिनं बघितलाच नाही."

"तुला मिठाचा डबा रिकामा झालेला दिसत नाही, म्हणून तिलाही दिसणार नाही होय? बाईमाणूस आहे ती."

"मग बोलली का नाही?"

"त्याचं सगळं मार्गी लागलंय. दुकान आहे, पोर आहे. आता मध्येच जाऊन मी तुझी बहीण म्हणायचं आणि सगळं ढवळून काढायचं? शहाणी होती, निघून आली."

बाबांनी दोन्ही हात वर केले. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं, छातीवर बुक्की मारली, तोंड फिरवलं.

"बाबा म्हणतायत भाऊ वारला," नवरा म्हणाला.

बाबांनी कपाळावर हात मारला आणि त्यांचा बांध फुटला. "अरे, त्यानं तिला ओळखलं. ओळखून गप्प बसला. राग आहे त्याच्या मनात. गर्दीत हात कोणी सोडला होता?"

"बाबा, हळू," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाच राहवत नव्हतं. "हात सोडला नव्हता, सुटला होता. आणि हरवलेलं मूल सापडल्यावर कोणी पावाची पिशवी घेऊन चालू पडतं का? ती परत येणार. त्या दिवशी तिनं फक्त खात्री करून घेतली."

"परत आलेली दाखवली नाही," नवरा म्हणाला.

"तू रोज घरी परत येतोस, ते कोण दाखवतं?"

"आणि ती त्याला काय बोलली, ते कुठं कळलंय आपल्याला? आवाजच बंद."

"कोणी केला बंद?" सासूबाईंनी छताकडे बघत विचारलं.

ते मला लागलं. "आवाजाची गरजच नाही," मी म्हणाले. "तिची नजर कुठून कुठं गेली ते बघितलं की पुरे. डोळे हा माझा धंदा आहे. दाखवतेच थांबा." आणि बाईसाहेबांना मी बाबांच्या हातात दिलं. "धरा जरा."

जेवणाचं टेबल हा काउंटर झाला. उशी म्हणजे पाव. नवरा टेबलामागं उभा राहिला आणि मी दारातून आत आले.

"एवढ्या झपाझप नव्हती आली," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "दमलेली होती ती. परत ये."

मी परत दमून आले. नवऱ्यानं उशी पुढं केली.

"अंगठा वर. व्रण दिसू दे."

"आई, अंगठा काय लांब करू?"

"आता बघा," मी म्हटलं. "आधी अंगठा. मग चेहरा. मग परत अंगठा. एकदा बघणं म्हणजे चुकून बघणं. दुसऱ्यांदा बघते ती ताडून बघते."

"दुसऱ्यांदा ती पोरीकडे बघते," सासूबाई म्हणाल्या.

"पोरीकडे नंतर."

"नंतर नाही, आधी. मी काय झोपले होते?"

"मधे तू झोपली होतीस," बाबा गरजले. ते आमच्याभोवती गोल फिरत होते. "आणि तुम्ही सगळे बाईकडेच बघताय. त्याच्याकडे बघा. तो मान वर करतच नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघतो की नाही? हा बघत नाही. का बघत नाही? ओळखलं म्हणून."

"अहो, लाजाळू असेल."

"लाजाळू माणूस बेकरी कशाला काढेल?"

"तुम्ही लाजाळू नव्हता म्हणून छापखान्यात गेलात का?"

आम्ही तो प्रसंग पुन्हा केला. मग सासूबाईंनी मला बाजूला सारून स्वतः करून दाखवला, आणि त्यांची बहीण इतकी बेरकी निघाली की नवऱ्याला हसू आवरेना आणि उशी खाली पडली. कोण कोणावर ओरडत होतं ते आता सांगता येणार नाही. मीही ओरडत होते. कितीतरी महिन्यांत मी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. घसा मोकळा झाल्यासारखा वाटला.

आणि मग एकदम लक्षात आलं, की माझा खांदा रिकामा आहे.

बाईसाहेब बाबांच्या खांद्यावर गाल टेकून झोपल्या होत्या. तोंड उघडं, लाळेची धार थेट बाबांच्या सदऱ्यावर. त्यांच्या कानाशेजारीच बाबा बेकरीवाल्याचा स्वभाव दोन मजले खाली ऐकू जाईल असा समजावून सांगत होते.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे जागच्या जागी थिजले. सवयच लागली होती तशी. घरात आमची ती नेहमीची शांतता पसरली. आणि बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. मिटलेली मूठ उघडली, ओठ वाकडे झाले, बारीक सूर निघाला. बाबा चोरी करताना सापडल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

सर्वांत आधी उमगलं ते सासूबाईंना.

"बोला," त्या म्हणाल्या. "कोणीतरी बोला पटकन."

"काय बोलू?" नवरा कुजबुजला.

"कुजबुजू नकोस, तेच नकोय तिला. अहो, तुम्ही बोला. तो भाऊ मुलखाचा आतल्या गाठीचा होता म्हणा."

"आतल्या गाठीचा नव्हता," बाबा खड्या आवाजात म्हणाले. "दुखावलेला होता. फरक आहे."

मूठ पुन्हा मिटली.

मग काय, थांबायची सोयच राहिली नाही. जरा कुठं शब्द संपले की आठी पडायची. नवऱ्याचे मुद्दे संपले तेव्हा तो बिनदिक्कत सासूबाईंच्या बाजूला गेला, आणि बाईनं ओळखलंच होतं असं तावातावानं सांगायला लागला. त्यानं आपलं मत आयतं उचलल्याचा सासूबाईंना राग आला, म्हणून त्या त्याच्या विरुद्ध बोलू लागल्या. शेवटी त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज मोठा करून तो प्रसंग पुन्हा लावला. पहिल्यांदाच आम्ही तो ऐकला. भट्टीची घरघर होती. बाई म्हणाली, "आजचाच आहे ना?" तो म्हणाला, "आत्ताच काढलाय." एवढंच.

"म्हणजे काहीच बोलली नाही," नवरा म्हणाला.

"सगळं बोलली," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा सुरुवात झाली.

मी उभी होते. आनंद झाला होता, आणि कुठंतरी बारीक टोचतही होतं. अंड्यासारखी जपलेली ती शांतता. तीच तिला निजू देत नव्हती, कारण तेवढ्या शांततेत साधा चमचासुद्धा दगडासारखा पडतो. आणि मला वाटत होतं, तिला माझ्यावाचून जमत नाही. मी बाळाला घ्यायला हात पुढं केले. बाबांनी बोलणं न थांबवता, नकळत, खांदा पलीकडे वळवला. मी हात मागं घेतले आणि फोन करायला आत गेले.

"बोला," मालक म्हणाले. "पण आधी सांगा, तुमच्याकडे मारामारी चाललीय का?"

"नाही. मुलगी झोपलीय."

"मग येताय का?"

"उद्यापासून. सुरुवातीला दुपारपर्यंतच."

"या. भिंगांची पेटी कोणी नीट लावलेली नाही, आधीच सांगतो."

दुःखी वाक्यं तशीच राहिली. कपाटाच्या तळातून मी पांढरा कोट काढला, घालून बघितला. दंडात घट्ट झाला होता. तसाच अंगात ठेवून सासूबाईंना दाखवायला बाहेर आले.

बाबा बोलता बोलता थांबले, मग आठी पडेल या भीतीनं एकदम म्हणाले, "छान, छान दिसतोय, कोट छान आहे, पांढरा आहे."

सासूबाईंनी बाही दोन बोटांत धरून शिवण बघितली. "आत कापड आहे. आत्ता उसवून मोकळी करून देते. काढ." मी कोट काढायला लागले, तर त्यांनी बाही सोडलीच नाही. "पण तू डोळ्यांची डॉक्टरीण ना, मग एक सांग. ती शेवटी बाहेर येऊन हसली, ते कशासाठी?"

माझ्याकडे उत्तर होतं. दुपारी तावातावानं मांडलं होतं त्यापेक्षा वेगळं होतं, बाबांनी खांदा पलीकडे वळवला तेव्हा सापडलेलं.

"उद्या दुपारी घरी आल्यावर सांगते," मी म्हटलं.