चार मोजेपर्यंत

"आप्पा, गिऱ्हाईक आल्यावर तरी रडायचं थांबवा. गुळात खारं पानी पडंल!"

तरण्या मालकाच्या, विक्रमच्या बोलण्यावर गुऱ्हाळातली माणसं हसली. सर्जेराव आप्पांनी उपरण्यानं गाल पुसले, पण उसाच्या रसानं उकळत्या काहिलीवरची नजर काढली नाही. चाळीस वर्षं ते या गुऱ्हाळाचे गुळव्या होते. पाकाचा बुडबुडा कधी जड झाला, हे डोळ्यांनी ओळखायचे. न्हावरा गावाकडची रीतच अशी, की गुळव्यानं "उतरवा" म्हटल्याशिवाय काहिलीला कुणी हात लावायचा नाही. मालकानंसुद्धा नाही.

पण दोन हंगाम झाले, नजर टिकत नव्हती. पापणी मिटून उघडली की बुडबुडा लख्ख दिसे आणि लगेच विरघळून जाई. डोळ्यांत वाळू, गालांवर पाणी.

मंगळवारी ते एसटीनं शिरूरला जाऊन आले होते. चर्चमागच्या दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या रेचल मॅडमनी पिवळा थेंब टाकला, निळा उजेड धरला आणि मोजायला लागल्या. "पापणी हलवू नका. एक, दोन, तीन, चार... फुटला."

"काय फुटलं?"

"अश्रूंचा पडदा, आप्पा. डोळ्यावर पसरलेला असतो. खाली चिकट थर, तो पाण्याला धरून ठेवतो. मधे पाणी. वर तेलाची साय, पाणी उडून जाऊ नये म्हणून. पापणी मिटली की पडदा पुन्हा सारखा होतो. चांगला डोळा दहा मोजेपर्यंत टिकवतो. तुमचा चारलाच फुटतो. डोळे कोरडे पडलेत."

"कोरडं? आवो, धो धो व्हातंय की!"

"कोरड पडली म्हणूनच डोळा पाणी सोडतो. पण लोंढा आला म्हणून रानात ओल धरते का? वाहून जातो. पापणीच्या कडेला तेलाची बारीक तोंडं असतात, ती तुमची बुजलीत. गुऱ्हाळाच्या चुलवाणात काय जाळता?"

आप्पांच्या ओठांवर आलं होतं. चपलांचे तळ, रबर, कारखान्यांतून ट्रकनं येणारं चमकतं प्लास्टिक. पण गुऱ्हाळातलं गुऱ्हाळात ठेवायचं, असं त्यांच्या गुरूनं शिकवलं होतं.

"उसाचं चिपाड," ते म्हणाले.

मॅडमनी कागदावर लिहिलं: वयोमानामुळे.

तोच कागद आज विक्रमनं मागून घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "बघा, मॅडमनीच लिवलंय. वय झालं. आजपासनं काहील कवा उतरवायची ते हे सांगंल." त्यानं खोक्यातून लांब दांडीचं तापमापक काढलं. "तुमी बसा तिकडं, लोकांना रस द्या."

आप्पांच्या मस्तकात तिडीक गेली. "वय? विक्रम, तुझ्या बापानं ह्या चुलवाणात चिपाडाबिगर काडी घातली न्हाई. तू चपला जाळतोस! माजं डोळं त्या धुरानं खाल्लं!"

"आसं? मग कागदावर का न्हाई तसं?"

आप्पांचा राग आता विक्रमपाशी थांबेना, तो वळून त्यांच्याच छातीवर बसला. खोटं कुणी सांगितलं होतं?

ते काहिलीवर वाकले. पापणी मिटली, उघडली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मिटली. बुडबुडा जड झाला होता, फुटताना आळस करत होता.

"उतरवा!"

काहिलीच्या कड्यांना हात घातलेल्या माणसांनी विक्रमकडं पाहिलं.

"थांबा रं. अजून दोन डिग्री हाय."

कुणीच हललं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आप्पांनी पुन्हा सांगितलं नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठं काहील हलली, आणि थंड करायच्या वाफ्यात ओतलेला गूळ काळपट निघाला. "मीटर नवीन हाय, जमंल हळूहळू," विक्रम पुटपुटला.

आप्पा चुलवाणाकडं गेले. ढिगातून चपलेचे दोन अर्धवट जळालेले तळ आणि प्लास्टिकची भेंडोळी उचलून पिशवीत कोंबली, आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

शिरूरला त्यांनी पिशवी मॅडमच्या टेबलावर रिकामी केली. काजळी पांढऱ्या कापडावर सांडली.

"कागद बदला. मी खोटं बोललो. चिपाड न्हाई, हे जाळत्यात. आन् जाळ घालणाऱ्या पोरींचं डोळंबी तपासा, तिघी हायेत."

"आप्पा, असं लिहिलं तर मालक पुन्हा उभं करील का तुम्हाला?"

"माजा शबुद तिथं आज पडला, मॅडम. आता काय हाय तिथं?"

मॅडमनी लिहिलं. आप्पांनी कागद हातात घेतला. अक्षरं त्यांना पन्नाशीनंतर आली होती, साक्षरतेच्या वर्गात, त्यामुळे वाचन आधीच सावकाश. आता एका उघडझापेत एकच शब्द हाती लागायचा. जळत्या. पापणी. रबराच्या. पापणी. धुरामुळे.

गालांवरून पाणी घरंगळत होतं. मॅडमनी कापूस पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "अजून एक वळ वाचायची ऱ्हायलीय."