टाकायच्या की भिडवायच्या

चिलेंजे वस्तीची वीज दुपारी दोनलाच गेली. वेळापत्रकात चार लिहिलं होतं. पण त्या कागदावर विश्वास ठेवणारा साऱ्या लुसाकात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचे म्हातारे बा चिशिम्बा. ल्युआंडोच्या फोनवर चाललेल्या पोकरच्या डावात त्यांचं नाव करडं पडलं, म्हणजे ते नेटवरून तुटले.

स्पर्धेत तिघंच शिल्लक होते आणि देशाच्या पोकर संघात जागा दोन. बा चिशिम्बांकडे चिप्स जेमतेम. खेळाडू गैरहजर असला की त्याची पानं आपोआप टाकली जातात, दर डावाच्या सक्तीच्या चिप्स मात्र कापल्या जातातच. पाचसहा डावांत म्हातारा बाद होणार होता, आणि बोटही न हलवता ल्युआंडो संघात. तिला हा खेळ शिकवला होता त्यांनीच, तोही शिव्या घालत घालत.

तेवढ्यात तिसऱ्या गड्यानं, एन्डोला शहरच्या, सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या; त्या तिच्याहून जास्त होत्या. ल्युआंडोच्या हातात दोन राण्या होत्या. घड्याळात चाळीस सेकंद.

"काय झालं गं? चेहरा का असा?" शेगडीवर शेंगदाणे परतत चूल्वे, तिची थोरली बहीण, म्हणाली.

"बा चिशिम्बांचं नेट गेलं. राउटर बंद, आणि फोनमध्ये डेटा ठेवतील तर शपथ!"

"मग बरंच झालं की! टाक पानं आणि गप बस. जागा चालून आलीय, आता शहाणपणा नको."

चूल्वेचं गणित बरोबर होतं. म्हातारा गायब राहिला, तर राण्याच काय, राजेसुद्धा टाकून द्यावेत. तो परत आला, तर मात्र एन्डोलावाल्याच्या दांडगाईला भिऊन चालणार नव्हतं. तो अशी धमकी दर दोन डावांनी द्यायचा, आणि निम्म्या वेळा हातात काही नसायचं. तीस सेकंद. फोन करून म्हाताऱ्याला सावध करणं नियमात बसत नव्हतं. डेटा पाठवू नये असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं. लुसाकात तर लोक सोयऱ्याधायऱ्यांना वाढदिवसालाही डेटाच पाठवतात.

तिनं खेळ बाजूला सारला आणि त्यांचा नंबर टाकला. पैसे भरायचा गुप्त आकडा घाईत एकदा चुकला.

"अगं ए! कुणाला पाठवतेस? डोकं फिरलं का तुझं?" चूल्वे ओरडली.

डेटा पोचल्याचा संदेश आला. ती खेळात परतली तेव्हा सात सेकंद उरले होते. आता राण्या टाकण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळ्या चिप्स भिडवल्या.

समोर एक्का आणि राजा उघडले. पहिल्या तीन पानांत काही आलं नाही. चौथंही फुकट गेलं. पाचवं पान राजा निघालं; राजांच्या जोडीपुढे राण्या हरल्या.

ल्युआंडो बाद झाली. उरलेले दोघे संघात गेले, आणि त्यातलं एक नाव अजून करडंच होतं. ती हमसून हमसून रडली. चूल्वेनं शेंगदाण्यांची वाटी तिच्यापुढे ठेवली.

अर्ध्या तासानं फोन वाजला.

"पोरी, डेटा तू पाठवलास?"

"हो, बा."

"हातात काय होतं?"

"राण्या."

पलीकडे म्हाताऱ्यानं एक शिवी हासडली.

"गाढव आहेस. तुझ्या जागी मी असतो, तर पाठवला नसता."

ते खरं बोलत होते, हे तिला ठाऊक होतं.